तक्रारीचा हक्क : एका फसलेल्या जेवणाच्या निमित्ताने

आपल्या साहित्यात रंगलेल्या पंगतींची वर्णने पुष्कळ आहेत. फसलेल्या जेवणाची मात्र फार थोडी. जेवण फसले तर तो यजमानाच्या अब्रूचा प्रश्न होतो आणि पाहुण्याने तो मुकाट्याने पोटात घालायचा असतो, असा आपल्याकडचा जुना संकेत. खाल्ल्या मिठाला जागावे असे शिकवणाऱ्या समाजात मीठ कमी पडले होते हे बोलून दाखवणे प्रशस्त मानले जात नाही. हॉटेलातले जेवण यजमानाचे नसते, विकतचे असते. तेथे हा संकेत लागू पडण्याचे खरे म्हणजे कारण नाही. तरीही आम्ही तो लागू करतो, हे अलीकडे एका संध्याकाळी ध्यानात आले. त्या संध्याकाळीने आम्हांला काही जुनी पाने पुन्हा उघडायला लावली. त्यांतून जे हाती आले ते येथे मांडत आहोत.

प्रसंग साधाच होता. आमच्या विभागातील एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले आणि त्यांना निरोपाचे जेवण द्यावे असे आम्ही तिघांनी ठरवले. कॅम्पातील किंवा डेक्कनवरील एखादे ठिकाण आमच्या मनात होते. सरांनी विश्रांतवाडीच धरून ठेवली. "पन्नास वर्षे इथे राहतोय, निरोपही इथेच घेतो," असे ते म्हणाले. आळंदी रस्त्याच्या त्या परिसरात अलीकडे काचेच्या दर्शनी भिंतींची, दाराशी गाड्या लावून देणारी माणसे ठेवलेली जी हॉटेले उभी राहिली आहेत, त्यांपैकी एक सरांनी निवडले. वार शनिवार. टेबल आठ वाजताचे राखून ठेवलेले होते; प्रत्यक्षात मिळाले सव्वानऊला. तोवर आम्ही दाराशी उभे. हातातील पडद्यावर नावांची यादी घेतलेली एक मुलगी दर दहा मिनिटांनी "फक्त पाच मिनिटं" असे हसून सांगत होती. मग बसायला मिळाले ते भटारखान्याच्या झुलत्या दाराजवळ. सूप आले ते त्याच्या आधी यायचे पदार्थ खाऊन झाल्यावर. डाळ आली ती साय धरलेली, थंड. वाद्यसंगीत इतके मोठ्याने चालू होते, की सरांनी चार शब्द बोलायचे म्हणून कागदावर काढून आणलेले मुद्दे कागदावरच राहिले. गोड पदार्थ यायच्या आधी बिल आले, कारण बाहेर लोक खोळंबले होते. बिलात दहा टक्के सेवाशुल्क परस्पर लावलेले होते.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले आणि पाकिटे काढली. सरांनी मात्र व्यवस्थापकाला बोलावून घेतले. आवाज न चढवता, वर्गात मुद्दे सांगावेत तसे त्यांनी तीन मुद्दे सांगितले : टेबल सव्वा तास उशिरा मिळाले, डाळ थंड होती, आणि आमच्या संमतीवाचून सेवाशुल्क लावता येत नाही. शेवटचा मुद्दा कायद्याला धरून होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पण त्या क्षणी आम्हांला कायदा आठवत नव्हता. आजूबाजूच्या टेबलांवरून वळलेल्या माना तेवढ्या दिसत होत्या. आमच्यापैकी एकाने "जाऊ द्या ना सर, आजच्या दिवशी कशाला," असे म्हटलेही. सेवाशुल्क कमी करून नवे बिल आले. सरांनी तेवढीच रक्कम रोख काढून वाढणाऱ्या मुलाच्या हातात ठेवली आणि आम्ही उठलो.

चौकापर्यंत चालत येताना कोणीतरी सरांची माफी मागितली. जेवण फसले म्हणून. सर म्हणाले, "जेवणाचं एवढं काही नाही. पण डाळ थंड आहे हे सांगणं माझ्या बापाला कधी जमलं नाही. त्याला चहा मिळायचा तो हॉटेलाच्या बाहेर, वळचणीला ठेवलेल्या कपात. बाहेर बसलेल्याला चहा कसा झालाय हे कोणी विचारत नाही. आणि तोही सांगत नाही."

सरांचे वडील सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यातून १९७२ च्या दुष्काळात पुण्यास आले. खेड्यातला तो वेगळा कप सरांनी लहानपणी स्वतः पाहिलेला होता. वडील तो आपणच विसळून परत वळचणीला ठेवीत आणि पैसे हातात न देता फळीवर ठेवीत. म्हणजे आम्ही ज्याला 'कशाला उगाच' म्हणत होतो, ते सरांच्या लेखी एक पिढी उशिरा केलेले काम होते. येथून आमचा विचार सुरू झाला. हॉटेलात निराश होण्याचासुद्धा एक इतिहास असला पाहिजे. निराश व्हायचे तर आधी आत जाता आले पाहिजे, बसता आले पाहिजे, आणि आपल्या पुढ्यातले अन्न कसे असावे याविषयी अपेक्षा बाळगण्याचा अधिकार आपल्याला आहे असे वाटले पाहिजे. या तीनही गोष्टी महाराष्ट्रात फार अलीकडच्या आहेत.

शब्दांपासून आरंभ करू. 'रेस्टॉरंट' हा फ्रेंच शब्द मुळात जागेचे नाव नव्हताच. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये अशक्त माणसाची शक्ती भरून यावी म्हणून जो कढ दिला जाई, त्याला हे नाव होते. पुढे तो कढ जेथे मिळे त्या जागेला ते चिकटले. थकल्याभागल्याला पूर्ववत करणारे ते रेस्टॉरंट. या अर्थाने विश्रांतवाडी या गावनावाशी त्याचे जवळचे नाते निघते, हा योगायोग त्या रात्री आमच्या कामी आला नाही, एवढेच. पॅरिसमधील या नव्या जागांचे वैशिष्ट्य असे, की सराईत किंवा खानावळीत सर्वांना एका वेळी, एका मेजावर, जे शिजले असेल ते वाढले जाई. येथे मात्र गिऱ्हाईक आपल्याला हव्या त्या वेळी येई, स्वतंत्र टेबलाशी बसे आणि यादीतून निवड करी. अपरिचित माणसाची आवड विचारात घेणारी ही सार्वजनिक भोजनाची रीत. निवड आली की अपेक्षा येते, आणि अपेक्षेच्या मागोमाग तक्रार.

आपल्याकडे या जागेसाठी 'उपाहारगृह' हा शब्द घडवला गेला. उपाहार म्हणजे हलके खाणे. मराठीच्या शिक्षकांना ठाऊकच आहे, की निम्म्याहून अधिक पाट्यांवर हा शब्द 'उपहारगृह' असा रंगवलेला असतो, आणि उपहार म्हणजे भेट, नजराणा. आम्ही वर्षानुवर्षे ही चूक लाल शाईने दुरुस्त करीत आलो. आता वाटते, की ती निव्वळ ऱ्हस्वदीर्घाची किंवा एका काना-मात्रेची चूक नसावी. विकत घेतलेले अन्न भेट म्हणून आले आहे असे समजून मान खाली घालून खाणे ही आमची मनोवृत्तीच त्या पाटीवर उमटते. भेटीची तक्रार करायची नसते. खरेदीची करता येते. त्या रात्री आम्ही तिघे उपहारगृहात बसलो होतो आणि सर उपाहारगृहात.

पण या मनोवृत्तीच्याही मागे जावे लागते, कारण आपल्या समाजात अन्न हे विक्रीयोग्य वस्तू होण्यापूर्वी आणि झाल्यानंतरही पुष्कळ काळ पंक्तीचा विषय होते. 'पंगत' हा 'पंक्ती'चाच अपभ्रंश. पंक्ती म्हणजे ओळ, आणि ओळीला दोन बाजू असतात : ओळीत कोण बसले आणि ओळीबाहेर कोण राहिले. 'अपाङ्क्तेय' हा धर्मशास्त्रातला शब्द, पंक्तीस बसण्यास अयोग्य अशा माणसासाठी वापरलेला. ज्या भाषेत जेवणाची व्यवस्थाच आत आणि बाहेर या भेदावर उभी होती, तेथे कोणालाही पैसे टाकून बसता येईल अशी जागा निर्माण होणे म्हणजे केवळ नवा धंदा सुरू होणे नव्हते.

याची पहिली मोठी गाजलेली साक्ष पुण्यातच मिळते, आणि तीही हॉटेलात नव्हे तर एका मिशनमध्ये. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या पुण्यातील प्रतिष्ठितांपुढे चहाबिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. काहींनी चहा घेतला, काहींनी केवळ शिष्टाचार म्हणून पेला हाती धरला. हा बेत घडवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती. त्यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून उघड केली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, आणि रानडे काय, टिळक काय, दोघांनाही आपापल्या वाटेने प्रायश्चित्ताच्या चौकटीत यावे लागले. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले याचे सुधारकांना फार वाईट वाटले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या प्रकरणाकडे आणखी एका अंगाने पाहावे असे आम्हांला वाटते. पुरुषांनी घेतलेल्या त्या चहाचे ओझे घरातील स्त्रियांवर किती पडले, ते समजायचे तर त्यांच्या आत्मकथनांकडे वळावे लागते. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यांतील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकात हे प्रकरण घराच्या उंबरठ्याच्या आतून दिसते. पुढे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये (१९३४–३७) तीच सीमारेषा अधिक मोकळेपणाने येते. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याकडे राहायला आल्या तरी त्यांचे सोवळे, त्यांची चूल काही काळ वेगळी राहिली आणि मग हळूहळू सुटत गेली. श्रद्धा बदलणे एक वेळ सोपे. ताटाची सीमा ओलांडणे कठीण, हे या बाईंनी कोणताही सिद्धान्त न मांडता दाखवून दिले आहे. त्या काळच्या खानावळींवर, स्टेशनांवरच्या पाण्यावर जातीधर्माच्या पाट्या असत, हे लक्षात घेतले म्हणजे एका कप चहाने शहर का ढवळून निघाले, ते उमजते.

पंचहौदाच्या गोष्टीत मात्र एक मर्यादा आहे. तेथे प्रश्न होता तो आत बसलेल्यांनी कोणाच्या हातचे घ्यावे हा. ज्यांच्या हातचे कोणी घेतच नव्हते आणि ज्यांना कोणी आत बसूच देत नव्हते, त्यांचा चहा या गोष्टीत कोठेच नाही. तो चहा पाहायचा तर कोल्हापूरला जावे लागते.

शाहू महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढले. ते संस्थानच्या सेवेत होते. सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली होती. महाराजांनी ती नोकरी सोडून स्वतःचा धंदा करण्यास त्यांना बळ दिले. दुकानाचे नाव 'सत्यसुधारक'. चहा चांगला असूनही गिऱ्हाईक फिरकेना, कारण तो अस्पृश्याच्या हातचा होता. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी दुकानाशी थांबवून चहा मागवू लागले. स्वतः घेत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही घ्यायला लावीत. छत्रपतींच्या गाडीत बसलेल्याला नाही कसे म्हणता येणार? ही हकिकत कोल्हापुरात अजून सांगितली जाते, आणि सांगणारे बहुधा महाराजांच्या थोरवीपाशी थांबतात. आम्हांला तिच्यातली दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची वाटते. गंगाराम कांबळे यांना दया नको होती, गिऱ्हाईक हवे होते. महाराजांनी त्यांना नुसते पैसे देऊन न थांबता त्यांचा चहा विकत घेतला. ज्याचा माल कोणी घेत नाही त्याचे गिऱ्हाईक होणे हीही समतेची एक कृती असते, हे त्या राजाला कळले होते.

याच्या उलट बाजूचा अनुभव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आत्मकथनपर टिपणांत नोंदवला आहे. परदेशातून शिकून १९१७ मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यासाठी गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती, म्हणून ते एका पारशी सराईत पारशी नाव लावून राहिले. आणि थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेल्या जमावाने येऊन त्यांना तेथून बाहेर काढले. खिशात पैसे होते, अंगावर चांगला पोशाख होता, जगातील नामांकित विद्यापीठाचे शिक्षण होते. पैसा टाकला की दार उघडते, हा बाजाराचा नियम त्या दारावर चालला नाही. शीर्षकातला 'वेटिंग' हा शब्द आम्हांला त्या शनिवारनंतर वेगळ्याच अर्थाने जाणवू लागला. आम्ही दाराशी सव्वा तास तिष्ठलो तेव्हा आमचे नाव यादीत होते. ज्यांचे नाव यादीतच घेतले जात नव्हते, त्यांची प्रतीक्षा मिनिटांत मोजता येत नाही.

१९२३ मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. तो कागदावरच राहतो आहे असे पाहून २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यावे लागले. पुण्यात महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद १८६८ मध्येच खुला केला होता. म्हणजे एका घराच्या हौदापासून गावाच्या तळ्यापर्यंत पोहोचायला साठ वर्षे लागली. आणि आम्ही ज्या रस्त्यावर जेवलो, तेथून थोड्याच अंतरावर येरवड्याचा तुरुंग आहे. तेथे २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. त्या कराराच्या राजकीय अर्थाविषयीचा वाद संपलेला नाही आणि तो येथे उकरण्याचे कारण नाही. आमच्या विषयापुरते एवढेच, की त्यानंतरच्या काही वर्षांत मंदिरे आणि विहिरी यांच्या बरोबरीने सहभोजने हा महाराष्ट्रातील सुधारणेचा मुख्य कार्यक्रम झाला. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी तर सत्यनारायणाच्या पूजेलाच झुणका-भाकरीची जोड दिली; पूजेस दलित दांपत्य बसवायचे आणि जमलेल्या सर्वांनी एकत्र झुणका-भाकर खायची.

या सहभोजनांविषयी आदर बाळगूनही एक प्रश्न विचारावासा वाटतो. सहभोजन हा सोहळा असतो. तो ठरवून, जाहीर करून, वर्तमानपत्रात छापून केला जातो. सोहळ्यात झुणका तिखट झाला होता असे कोण म्हणणार? तेथे आमंत्रित दलित माणूस पुन्हा पाहुणाच राहतो, आणि पाहुण्याचे कर्तव्य कृतज्ञतेचे. त्याच्या पुढची पायरी अशी, की त्याने कोणाच्याही आमंत्रणावाचून, कोणत्याही मंगळवारी, गर्दीत शिरावे, खुर्ची ओढून बसावे, काय हवे ते मागावे आणि ते नीट नसेल तर परत पाठवावे. ही पायरी कार्यक्रमाने येत नाही. ती कायद्याने आणि सवयीने येते.

कायद्याने ती १९५० मध्ये आली. भारतीय राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाचे दुसरे कलम वाचताना आम्ही आजवर त्यातील शब्दांकडे नीट पाहिले नव्हते. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणाने कोणाही नागरिकाला मज्जाव करता येणार नाही अशा जागांची जी यादी तेथे दिली आहे, तिच्यात विहिरी, तलाव, घाट, रस्ते तर आहेतच. पण त्यांच्याही आधी दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले आहेत. एखाद्या राष्ट्राच्या मूलभूत हक्कांत उपाहारगृहाचे नाव यावे यात कोणाला गंमत वाटेल. ज्यांना बडोद्याची ती सराई माहीत आहे त्यांना वाटणार नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या कलमावर चर्चा झाली तेव्हा 'दुकान' या शब्दाच्या व्याप्तीविषयी शंका निघाली. बाबासाहेबांच्या उत्तराचा आशय असा, की हा शब्द संकुचित अर्थाने घ्यायचा नसून, ठरलेल्या अटींवर जो कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो तो त्यात येतो. सेवा देणारा आणि सेवा घेणारा यांच्यातील व्यवहार अटींवर चालावा, जन्मावर नव्हे, हे त्या उत्तराचे सार.

१९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने याला दंडाची जोड दिली. त्या कायद्यात केवळ हॉटेलात प्रवेश नाकारणेच नव्हे, तर तेथे सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला आहे. 'भांडी' हा शब्द कायद्यात यावा लागला. ज्यांनी तो घातला त्यांना वळचणीचा कप ठाऊक होता. आणि तरीही त्या कायद्यानंतर सतरा वर्षांनी, सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यात, सरांचे वडील आपला कप आपणच विसळत होते. १९७६ मध्ये त्याच कायद्याचे नाव बदलून नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे करण्यात आले, तोवर हे कुटुंब पुण्यात आले होते. शहराने त्यांना काय दिले, असे आम्ही सरांना एकदा विचारले होते. ते म्हणाले होते, "इराण्याकडे बापाला आतला कप मिळाला." त्या वेळी ते वाक्य आम्ही फारसे ऐकले नव्हते.

येथे आणखी एका अंगाचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास एकांगी राहील. हॉटेलात मूग गिळून बसणारे आम्ही घरात तसे कधीच नव्हतो. आमटीत मीठ कमी आहे, पोळी कडक आहे, भात गिचका झाला आहे, असे घरात मोकळेपणाने सांगण्याची परंपरा पुरुषांनी पिढ्यान्पिढ्या जपली. म्हणजे तक्रार आपल्याला ठाऊक होती. ती फक्त खालच्या दिशेने वाहत होती. मुंबईच्या गिरणगावात ज्या बायकांनी कामगारांना महिन्याच्या हिशेबावर जेवू घातले, त्या खानावळवाल्या बायकांच्या श्रमाला संघटनेचे रूप मिळायला १९७५ साल उजाडावे लागले, जेव्हा प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. तोवर त्यांच्या स्वयंपाकाविषयी सर्वांनी बोलावे, त्यांनी मात्र थकलेल्या हिशेबाविषयीही दबकून बोलावे, अशीच रीत होती. वरच्याने खालच्याला सुनावणे म्हणजे तक्रारीचा हक्क नव्हे. बरोबरीच्या नात्यात, ठरलेल्या अटींच्या आधारे, अटी मोडणाऱ्याला विचारणे हा तो हक्क. या कसोटीवर पाहता सरांनी त्या रात्री जे केले त्यातील एक तपशील आम्हांला उशिरा दिसला. ताट आणून ठेवणाऱ्या पोराला त्यांनी एक शब्दही ऐकवला नव्हता. डाळ त्याने शिजवली नव्हती, टेबले त्याने जास्तीची नोंदवली नव्हती, आणि सेवेच्या नावाने घेतलेला पैसा त्याच्या हाती पडेल याची खात्री नव्हती. जाब विचारला तो व्यवस्थापकाला. पैसे दिले ते पोराला. शेजारच्या टेबलावर याच्या नेमके उलट चालले होते : पोरावर ओरडणे आणि व्यवस्थापकाशी हसून बोलणे.

आता कोणी म्हणेल, की हा सारा खटाटोप एका महागड्या हॉटेलातल्या थंड डाळीसाठी? जातीची पाटी गेली, पण किमतीची पाटी आलीच ना? हा आक्षेप खरा आहे. त्या काचेच्या दारातून आत येणे कोणालाही कायद्याने मोकळे असले, तरी त्या रात्री एका माणसामागे जेवढा खर्च आला, तेवढ्यात त्याच आळंदी रस्त्यावरील एखाद्या कुटुंबाचा आठवड्याचा किराणा भरला असता. दारातली ती हसरी मुलगी कोणाकडे अधिक हसून पाहते आणि कोणाला आधी बसवते, हेही सव्वा तास उभे राहिल्यावर ध्यानात येते. पंक्तीच्या जागी यादी आली. यादीलाही आत आणि बाहेर असतेच. याच रस्त्याने ज्येष्ठ वद्य नवमीला ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे जाते. त्या दिवशी दुतर्फा माणसे अनोळखी वारकऱ्यांच्या हातांवर केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहाचे पेले ठेवीत असतात, आणि कोणी कोणाचे नाव विचारीत नाही. त्या चहाची बरोबरी कोणतेही हॉटेल करू शकणार नाही, हे मान्य. पण तो चहा वर्षातून एका दिवसाचा, आणि तो दान म्हणून दिलेला. उरलेल्या दिवसांत माणसाला दानावाचून, स्वतःच्या पैशाने, ताठ मानेने कोठेतरी बसता आले पाहिजे. दोहोंची गरज वेगवेगळी आहे, आणि एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

म्हणून थंड डाळ क्षुल्लक आहे हे मान्य करूनही तिची तक्रार क्षुल्लक नाही असे आम्ही म्हणतो. हक्क मोठ्या प्रसंगी मिळतात. पण टिकतात ते अशा किरकोळ प्रसंगी वापरल्याने. चवदार तळ्याचे पाणी रोज प्यायला कोणी महाडला जात नाही. त्या पाण्याचा अर्थ मात्र कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या पेल्यात रोज ठरत असतो. आमच्या पिढीला, विशेषतः ज्यांच्यासाठी ती दारे कधीच बंद नव्हती अशा आम्हां तिघांना, तक्रार करणे असभ्य वाटते. कारण आम्हांला तो हक्क न मागता मिळाला. त्याची किंमत ज्याच्या घराने मोजली, त्याला तो न वापरणे परवडत नाही. आम्ही ज्याला सभ्यता समजत होतो तिच्यात सुखवस्तूपणाचा वाटा किती, हा प्रश्न त्या रात्रीपासून आमच्या मागे लागला आहे.

सरांचे ते न झालेले भाषण पुढे आठवड्याभराने त्यांच्या घरी झाले. घर विश्रांतवाडीतच, चौकापासून आत. वहिनींनी पिठले-भाकरी केली होती. मुद्द्यांचा तोच कागद काढून सरांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मध्येच थांबून त्यांनी पिठल्यात मीठ जरा जास्त झाले आहे असे वहिनींना सांगितले. वहिनी म्हणाल्या, "आज पिठलं तुम्ही ढवळलंय." सर्वजण हसले. सरांनी कागद खाली ठेवला आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.